न्यूट्रिनोच्या वाटेतलं डार्क मॅटर किती जाड असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) आहे आणि न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून सहसा आरपार जाणारे अतिहलके कण, अब्जावधी वर्षं त्यातूनच प्रवास करत आपल्यापर्यंत येतात. मग वाटेत ते न्यूट्रिनोंना अडवतं का, त्यांची ऊर्जा खातं का, की त्यांचा प्रकारच बदलून टाकतं? आणि असं काही होत असेल तर आपल्याला इथे बसून ते कळणार कसं?

न्यूट्रिनो दुर्बिणींच्या नोंदींचं विश्लेषण हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. आजवरच्या एकाही नोंदीत डार्क मॅटरची छाप खात्रीने सापडलेली नाही. पण छाप कुठे उमटू शकते आणि कुठे उमटणं जवळजवळ अशक्य आहे, हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, असं मी धरते.

एक गल्लत आधीच दूर करू. डार्क मॅटरचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर त्यातून न्यूट्रिनो जन्माला येऊ शकतात, आणि त्यासाठी सूर्याकडे आणि आकाशगंगेच्या केंद्राकडे नजर लावून शोध चालू आहे. पण त्या शोधात डार्क मॅटर हा उगम असतो. तुम्ही वाटेबद्दल विचारताय. दुसरीकडे जन्मलेला न्यूट्रिनो डार्क मॅटरमधून जाताना त्याचं काय होतं, एवढंच इथे पाहू.

या वाटेवर एक परिणाम नक्की होतो, तो गुरुत्वाकर्षणाचा. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. अंतर सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं. जपानमधलं कामिओकांडे, अमेरिकेतलं आयएमबी आणि सोव्हिएत संघातलं बाक्सान, या तीन शोधकांनी मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो टिपले. आपल्या आकाशगंगेच्या वस्तुमानामुळे, ज्यात डार्क मॅटरचा वाटा सगळ्यात मोठा आहे, या वाटेवर येणाऱ्या कशालाही काही महिन्यांचा उशीर होतो. १९८८ मध्ये हा हिशेब मांडला गेला तेव्हा लक्षात आलं की प्रकाश आणि न्यूट्रिनो काही तासांच्या फरकाने पोहोचले, म्हणजे महिन्यांचा तो उशीर दोघांनाही सारखाच झाला. (तासांचा फरकही डार्क मॅटरचा नव्हे. स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो, न्यूट्रिनो त्याआधीच निसटतात.) डार्क मॅटरने न्यूट्रिनोंना उशीर केला, हे आपण आजही ठामपणे म्हणू शकतो. मात्र त्यात न्यूट्रिनोचं काही खास नाही. प्रकाशालाही तेच झालं.

आता अडवण्याकडे येऊ. इथे मी प्रत्येकाला एक गणित हाताने करायला लावते, तुम्हीही करून पाहा. सूर्याच्या परिसरात डार्क मॅटरची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण ०.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात; गिगा म्हणजे अब्ज, टेरा म्हणजे लाख कोटी), म्हणजे दर दोन-तीन घनसेंटिमीटरमागे एका प्रोटॉनएवढं वस्तुमान. इथून आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर. हीच घनता सगळ्या वाटेवर धरा आणि एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी इथून केंद्रापर्यंत ताणा. त्या नळीत किती डार्क मॅटर सापडेल? ०.०१८ ग्रॅम. छपाईच्या साध्या कागदाचं वजन दर चौरस सेंटिमीटरला ०.००८ ग्रॅम असतं. म्हणजे सव्वीस हजार प्रकाशवर्षांचं डार्क मॅटर दाबून एकत्र केलं तर दोन कागदांएवढं भरतं. केंद्राजवळ घनता वाढते, त्यामुळे खरा आकडा काही पट जास्त येईल, पण चित्र बदलत नाही.

दीर्घिकांच्या बाहेर तर ते आणखी विरळ आहे. विश्वाची सरासरी घेतली तर आपल्या परिसरापेक्षा सुमारे तीन लाख पट विरळ. २२ सप्टेंबर २०१७ ला दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो दुर्बिणीने सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक न्यूट्रिनो टिपला. त्याची दिशा टीएक्सएस ०५०६+०५६ या ब्लेझारकडे (जिच्या कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेला असतो अशी दीर्घिका) जात होती. तो तिथूनच आला असेल तर त्याचा प्रवास जवळपास ४ अब्ज वर्षांचा. या अख्ख्या वाटेवर सरासरी घनतेने किती डार्क मॅटर लागलं? ०.००९ ग्रॅम. एक कागद. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा चूक झाली असं वाटून तीनदा तपासला होता. चार अब्ज वर्षांची वाट आणि आपल्या आकाशगंगेतला एक तुकडा, दोन्ही एकाच घरातले निघतात.

आता शेजारी पृथ्वी ठेवा. तीच एक चौरस सेंटिमीटरची नळी पृथ्वीच्या आरपार घातली तर तिच्यात सुमारे ११,००० टन द्रव्य असतं. आणि ४० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या न्यूट्रिनोंना ही पृथ्वी बऱ्यापैकी अडवते. त्याहून जास्त ऊर्जेच्या न्यूट्रिनोंना तर जास्तच. म्हणजे एका कागदाएवढ्या डार्क मॅटरने न्यूट्रिनो अडवायचा असेल, तर ग्रॅमला ग्रॅम लावून डार्क मॅटरने साध्या द्रव्यापेक्षा लाख कोटी पट जोरात न्यूट्रिनोला पकडायला हवं. ‘सगळीकडे पसरलेलं आहे’ म्हटलं की दाट धुकं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ते फक्त अफाट पसरलेलं आहे, दाट नाही.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली पहिली गोष्ट येते. वरचा हिशेब ग्रॅमचा आहे, पण टक्कर कणाशी होते. एका ग्रॅममध्ये कण किती, हे कणाच्या वस्तुमानावर ठरतं, आणि डार्क मॅटरच्या कणाचं वस्तुमान १० च्या उणे २२ व्या घाताएवढ्या इलेक्ट्रॉनव्होल्टपासून प्रोटॉनच्या हजारो पटींपर्यंत कुठेही असू शकतं. कण हलके असतील तर त्याच कागदात त्यांची संख्या प्रचंड होते. म्हणून आम्ही ‘टक्कर होण्याची शक्यता किती’ असं कधीच नुसतं विचारत नाही. टक्करीचं क्षेत्रफळ (न्यूट्रिनोपुढे तो कण केवढं लक्ष्य ठरतो, ते) भागिले कणाचं वस्तुमान, या गुणोत्तरावरच बंधन घालता येतं. कुणी फक्त क्षेत्रफळाचा आकडा दाखवून निष्कर्ष काढत असेल तर वस्तुमान किती धरलंय, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. विश्व तरुण आणि दाट असताना न्यूट्रिनो आणि डार्क मॅटर एकमेकांना पुन्हा पुन्हा धडकत असते, तर डार्क मॅटरच्या लहान गुठळ्या जमायच्या आधीच पुसल्या गेल्या असत्या. सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण (तरुण विश्वातून आजवर उरलेलं प्रारण) आणि दीर्घिकांची मांडणी यांत तसा मोठा पुसटपणा आढळत नाही. या निरीक्षणांवरून येणारं बंधन टीएक्सएसच्या त्या एका न्यूट्रिनोपेक्षा कोट्यवधी पट कडक आहे. पण ते लागू होतं कमी ऊर्जेला, हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आगेमागे किंवा त्याहून खाली. आइसक्यूबचा न्यूट्रिनो त्याच्या शेकडो अब्ज पट ऊर्जेचा होता. टक्करीचं प्रमाण ऊर्जेबरोबर बदलत नसेल तर दुर्बिणींनी नवं काही सांगण्यासारखं उरत नाही, विश्वरचनेनेच निकाल दिलेला आहे. ते ऊर्जेबरोबर वाढत असेल, तरच दूरच्या न्यूट्रिनोंची साक्ष मोलाची. माझं मत विचाराल तर या विषयातले निम्मे वाद ही एक अट उघड न सांगितल्यामुळे होतात.

तिसरी गोष्ट जागेची. टीएक्सएस काय किंवा एनजीसी १०६८ काय (या दीर्घिकेच्या दिशेने ७९ जादा न्यूट्रिनो आढळल्याचं आइसक्यूबने २०२२ मध्ये जाहीर केलं), दोन्हींच्या पोटात राक्षसी कृष्णविवर आहे. कृष्णविवर हळूहळू वाढलं असेल तर त्याच्याभोवती डार्क मॅटरचा टोकदार ढीग साचतो, असं सिद्धांत सांगतो. तसा ढीग असेल आणि न्यूट्रिनो त्याच्या आतून निघत असतील, तर पहिल्या काही पावलांतच उरलेल्या अब्जावधी वर्षांपेक्षा लाखो पट जास्त डार्क मॅटर ओलांडावं लागतं. मग एका कागदाची लाखो पानं होतात आणि बंधन तेवढंच कडक होतं. पण दोन दीर्घिकांची टक्कर झाली असेल, किंवा आसपासच्या ताऱ्यांनी तो ढीग विस्कटला असेल, तर हा सगळा फायदा गेला. म्हणून मी असे निकाल कायम दोन स्तंभांत लिहिते, ढीग धरून आणि ढीग न धरता.

इथवरचं थोडक्यात: गुरुत्वाकर्षणाचा परिणाम खरा, पण सगळ्यांना सारखा. अडवण्याचा परिणाम डार्क मॅटर अतिशय हलकं असेल, किंवा टक्कर ऊर्जेबरोबर वाढत असेल, किंवा उगमाजवळच ढीग असेल, तरच दिसण्याजोगा. आता प्रकार बदलण्याकडे वळू. मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा इथे वाटते.

न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ अशा तीन प्रकारांत असतो आणि प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात जात-येत राहतो. याला आंदोलन म्हणतात. १९९८ मध्ये जपानमधल्या सुपर-कामिओकांडेने आणि नंतर कॅनडातल्या सडबरी न्यूट्रिनो वेधशाळेने ते दाखवून दिलं, २०१५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. हे आंदोलन वाटेतल्या द्रव्यामुळे बदलतं, आणि त्यासाठी टक्कर व्हावी लागत नाही. १९७८ मध्ये वोल्फेनस्टाइन यांनी आणि १९८५ मध्ये मिखेयेव्ह व स्मिर्नोव्ह यांनी हे मांडलं. काचेतून प्रकाश जातो तेव्हा तो अडत नाही, तरी त्याचा वेग बदलतो. तसंच सूर्याच्या आतून येताना इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोला तिथले इलेक्ट्रॉन किंचित वेगळं वागवतात. न्यूट्रिनो कुणालाही न धडकता सरळ बाहेर येतो, पण त्याच्या तिन्ही घटकांची लय एकमेकांपासून सरकलेली असते. टक्करीची शक्यता जोराच्या वर्गाप्रमाणे जाते, लय सरकणं मात्र जोराच्या पहिल्या घाताप्रमाणे. जोर क्षीण असेल तेव्हा हा फरक जमीन-अस्मानाचा असतो.

हेच डार्क मॅटरला लावू. आंदोलन घडवणारी मूळ ऊर्जा न्यूट्रिनोच्या वस्तुमानांतल्या फरकातून येते आणि न्यूट्रिनोची स्वतःची ऊर्जा वाढली की ती कमी होते. सौर न्यूट्रिनोंसाठी ती १० च्या उणे १२ व्या घाताच्या घरात, आणि टीएक्सएसच्या न्यूट्रिनोसाठी सुमारे ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे अतिऊर्जावान न्यूट्रिनोचा तराजू लाखो पट नाजूक आहे. एवढासा धक्काही त्याचं पारडं हलवू शकतो. डार्क मॅटर तेवढा धक्का देतं का? कण प्रोटॉनएवढे जड असतील आणि फक्त नेहमीचा दुर्बल बल वापरत असतील, तर त्यांचा धक्का १० च्या उणे ३७ व्या घाताच्या आसपास येतो. एकोणीस-वीस शून्यांनी कमी. तिथे आशा नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

पण कण अतिशय हलके असतील तर चित्र पालटतं. १० च्या उणे २२ व्या घाताएवढ्या इलेक्ट्रॉनव्होल्टचे कण असतील, तर प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये ते इतके असतात (४ वर तीस शून्यं) की त्यांना सुटे कण म्हणण्यात अर्थ नाही. ते एका संथ हेलकावणाऱ्या लाटेसारखे वागतात. या लाटेचा एक फुगवटा हजार-दोन हजार प्रकाशवर्षं लांब, आणि एका हेलकाव्याला सुमारे १.३ वर्षं. न्यूट्रिनोचा या लाटेशी संबंध असेल तर त्याचं वस्तुमान किंवा आंदोलनाचं प्रमाण त्याच तालावर किंचित कमी-जास्त होईल. सडबरीच्या गटाने सौर न्यूट्रिनोंच्या संख्येत असे ताल शोधले आणि पृथ्वीच्या कक्षेमुळे येणारा वार्षिक चढउतार सोडता काही मिळालं नाही. त्यावरून पुढे अशा हलक्या डार्क मॅटरवर बंधनं घातली गेली.

या तालाने मला एकदा चांगलंच शिकवलं. आमच्याकडे एक विद्यार्थिनी सौर न्यूट्रिनोंच्या नोंदींवर सराव करत होती. एका संध्याकाळी तिने आलेख आणून टेबलावर ठेवला. एका वारंवारतेवर स्वच्छ टोक होतं, आणि त्यावरून निघणारं वस्तुमान १.३ गुणिले १० चा उणे २२ वा घात. अगदी हव्या त्या जागी. मी त्या वस्तुमानाचा हेलकावा दिवसांत करायला सांगितला. उत्तर आलं ३६५ च्या जवळ. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीत आपण सूर्याच्या जवळ असतो आणि जुलैत दूर, त्यामुळे सौर न्यूट्रिनोंची संख्या वर्षभरात सुमारे साडेसहा टक्क्यांनी वरखाली होते. तिच्या आज्ञावलीत ती दुरुस्ती घालायची राहून गेली होती. दुरुस्ती घातल्यावर टोक गेलं. तेव्हापासून ताल शोधताना एका वर्षाच्या आसपासची पट्टी मी आधीच बाजूला काढून ठेवते, आणि दक्षिण ध्रुवावरच्या नोंदींत तर जास्तच सावध राहते. तिथे वरच्या हवेचं तापमान ऋतूंप्रमाणे बदलतं, त्यामुळे वातावरणात तयार होणारे म्युऑनही वर्षाच्या तालावर हलतात.

दूरच्या न्यूट्रिनोंसाठी ताल नव्हे, प्रमाण पाहायचं असतं. उगमापाशी बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांचं प्रमाण १:२:० असावं. २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रिनोचं एक आंदोलन सुमारे २९ कोटी किलोमीटरमध्ये पुरं होतं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुपटीच्या आसपास. अब्जावधी प्रकाशवर्षांत अशी असंख्य आंदोलनं होऊन सगळं मिसळतं आणि इथे साधारण १:१:१ पोहोचतं. डार्क मॅटरने वाटेत लय बिघडवली असेल तर हे प्रमाण हलेल, आणि ऊर्जा वाढेल तसं जास्त हलेल. अडचण अशी की प्रकार ओळखणं फार अवघड आहे. आइसक्यूबने एक घनकिलोमीटर बर्फात ५,१६० प्रकाशसंवेदक पुरले आहेत, तरीही २०२४ मध्ये जाहीर झालेल्या टाऊ न्यूट्रिनोंच्या नोंदी अवघ्या सात. एवढ्या नोंदींवर १:१:१ शी मेळ बसतो, पण बराच हललेला आकडाही अजून चालून जातो. शिवाय उगमापाशी १:२:० च होतं हे गृहीतक आहे. न्यूट्रिनोंना जन्म देणारे म्युऑन तिथल्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा गमावून आधीच थकले असतील तर ०:१:० ने सुरुवात होते, आणि शेवटचा आकडा डार्क मॅटरशिवायच बदलतो.

जाता जाता, न्यूट्रिनोचं वस्तुमान मुळात डार्क मॅटरमुळेच भासतं, अशीही एक कल्पना आहे. ती सुंदर आहे, पण डार्क मॅटर पूर्वी खूप दाट होतं, म्हणजे तेव्हा न्यूट्रिनो जड असायला हवेत. विश्वरचनेची निरीक्षणं तिन्ही वस्तुमानांची बेरीज ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत ठेवतात. त्या कल्पनेला या चिमटीतून सुटावं लागतं.

‘डार्क मॅटरमुळे न्यूट्रिनो बदलले’ असा दावा वाचनात आला तर मी तीन गोष्टी पाहते. परिणाम ऊर्जेबरोबर सांगितल्याप्रमाणे वाढतो का? आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने आणि त्याच्या विरुद्ध दिशेने पाहिल्यावर फरक पडतो का, कारण केंद्राकडे डार्क मॅटर कितीतरी जास्त आहे? आणि दोन वेगळ्या अंतरांवरच्या उगमांना एकच आकडा लागू होतो का? यातली दिशेची कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. उगमाबद्दलचं आपलं अज्ञान सगळ्या दिशांना सारखंच असतं, डार्क मॅटर मात्र नसतं.

एक संधी मात्र अब्जावधी प्रकाशवर्षं दूर नाही. आपल्याच आकाशगंगेत एखादा मोठा तारा फुटला, तर सुपर-कामिओकांडेसारख्या शोधकात एका झटक्यात हजारो न्यूट्रिनो पडतील, १९८७ सारखे दोन डझन नव्हेत. न्यूट्रिनोच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे होणारा उशीर ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो: दुप्पट ऊर्जा, एक चतुर्थांश उशीर. त्या हजारोंना ऊर्जेप्रमाणे लावून मी सगळ्यात आधी हेच प्रमाण तपासेन. उशीर या नियमात बसत नसेल आणि ताऱ्याच्या गाभ्यातल्या घडामोडींनीही त्याचा उलगडा होत नसेल, तर वाटेतल्या त्या दोन कागदांकडे नव्याने पाहावं लागेल.